पेव

मागच्या आषाढातली गोष्ट. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी जरा दम खायला थांबला होता. पन्हाळीच्या टोकातून थेंब पडत होते आणि मी मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. मावशी नळाखाली भांडी घासत होत्या. समोर कुंपणाच्या भिंतीला लागून ते उभं होतं. आठवड्यापूर्वी माझ्या खांद्याला लागत होतं, आता डोक्याच्या वर गेलं होतं. सहा दांडे, अंगठ्याएवढे जाड, तांबूस, आणि प्रत्येक दांडा नाकासमोर वर जायचं सोडून पिळवटल्यासारखा एका कुशीवर वळलेला. "हे काय उगवलंय कोण जाणे," मी म्हणाले. कुणाला विचारलं नव्हतं, चहाच्या घोटाबरोबर तोंडातून निघालं एवढंच. मावशींनी मान वर केली, साबणाचा हात तसाच ठेवून मनगटानं कपाळावरची बट मागे सारली आणि म्हणाल्या, "पेवा हाय त्यो, ताई."

मी हसले. माझा जन्म सांगलीचा. पेव म्हणजे काय हे मला कुणी, तेही पुण्यात, सांगावं? "अहो मावशी, पेव जमिनीखाली असतं," मी म्हटलं. "धान्याचं, हळदीचं. पेवाचं कुठं झाड असतं का?" मावशींना माझं म्हणणं पटलंबिटलं नाही. त्या कढईचा बुडखा घासता घासता शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं पेवाच म्हणत्यात. ओढ्याच्या कडंला नुसती गर्दी असती त्येची. गणपतीच्या अगुदर फुलतो बगा. लाल कणीस येतं आन् त्यावर पांढरं फूल." मी "बरं बरं" म्हणाले. हे "बरं बरं" आपण कुठल्या सुरात म्हणतो ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. कप विसळायला त्यांच्यापुढे ठेवला आणि आत गेले. संध्याकाळी सांगलीला धाकट्या बहिणीला फोन केला तेव्हा गंमत म्हणून हेही सांगितलं. ती पण हसली.

ते हसू मला वर्षभर सलतंय.

आधी ते झाड आलं कुठून ते सांगते. तळमजल्याचा फ्लॅट घेतला तो मागच्या सहा बाय पंधराच्या पट्टीसाठी. बिल्डरनं तिथं राडारोडा पुरून वर चार बोटं माती पसरलेली होती; फावडं मारलं की टाइलचे तुकडे खणखणायचे. तरी तीन वर्षं खटपट करून मी ती जागा माणसात आणली. दोन दिवाळ्यांपूर्वी आम्ही गणपतीपुळ्याहून येताना महामार्गाच्या कडेला एका रोपवाटिकेत थांबलो आणि मी अनंताचं रोप घेतलं. गोणपाटात बांधलेला लाल मातीचा भलामोठा गोळा आणि त्यावर हातभर अनंत. नवरा म्हणाला, झाड विकतायत का माती? गाडीच्या डिकीत अजून तो लाल डाग आहे. अनंत लावला, त्यानं जीव धरला, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच्या पायाशी एक कोंब वर आला. आल्याला फुटतो तसा, गुंडाळलेल्या छत्रीसारखा, टोकाला लालसर. मला वाटलं, चुकून कधी फेकलेला आल्याचा तुकडा रुजला असेल. तो कोंब त्या वर्षी कमरेपर्यंत वाढला, फुलला वगैरे नाही, आणि थंडीत वाळून गेला. मेला म्हणून मी विसरूनही गेले. दुसऱ्या जूनला एकाचे सहा झाले.

सहा म्हटल्यावर घरात चर्चा सुरू झाली. एकाला माणूस पाहुणा समजतो, सहा आले की बिऱ्हाड. नवऱ्यानं लांबूनच निकाल दिला, सोनटक्का. त्याला सोनटक्का आवडतो, एवढाच त्या निकालाला आधार. शेजारच्या आजोबांनी काठी टेकत येऊन पाहिलं आणि म्हणाले, वेलदोडा आहे, केरळात बघितलाय. मुलीनं बेंगळुरूहून फोनमधलं झाडं ओळखणारं ॲप वापरायला लावलं. मी तीन फोटो काढले. पहिल्याला ते म्हणालं ड्रॅसिना, दुसऱ्याला आल्याच्या कुळातलं काहीतरी, आणि तिसऱ्याला मका. वरच्या मजल्यावरच्या काकू तर पिशवी घेऊनच खाली आल्या. "हे इन्सुलिनचं झाड आहे, आमच्या ह्यांना रोज दोन पानं पाहिजेत." त्यांना मी पान तोडू दिलं नाही. त्यांना राग आला, अजून जिन्यात भेटल्या की फोनकडे बघतात. पण ज्याचं नाव माहीत नाही त्याचं पान मी शेळीलाही घालणार नाही, काकांना तर नाहीच. गंमत अशी की या सगळ्या अंदाजांत सत्याच्या त्यातल्या त्यात जवळ काकूच होत्या. ते पुढे.

एवढ्या जणांचं मी ऐकून घेतलं. वेलदोडा म्हणणाऱ्या आजोबांना खुर्ची दिली, चहा दिला. मक्याचा फोटो परत परत काढून बघितला. आणि ज्यांनी एका दमात नाव, पत्ता आणि फुलायची तिथी सांगितली त्यांच्यापुढे उष्टा कप ठेवला.

खरं सांगायचं तर त्या सकाळी मी मावशींना हसले असं मला वाटलंच नव्हतं. त्यांच्या तोंडून "पेव" ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हरिपूर उभं राहिलं होतं. सांगलीहून कृष्णेच्या काठाकाठानं गेलं की हरिपूर, तिथं वारणा येऊन कृष्णेला मिळते, संगमेश्वराचं देऊळ आहे. माझे आजोबा हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. सुट्टीत मला सायकलच्या दांड्यावर बसवून कधीकधी हरिपूरला न्यायचे. देवळासाठी असं आजीला सांगायचं आणि जायचं पेवावर. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. साधं शेताड, त्यात मातीनं लिंपलेलं एक वर्तुळ. त्याच्याखाली वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच आणि पोट हंड्यासारखं फुगलेलं. आत हळद. वर्ष वर्ष राहायची, किडायची नाही, रंग उतरायचा नाही. आजोबा म्हणायचे, ही करामत त्या मातीची. दुसऱ्या गावात खणलं तर आठ दिवसांत पाझर लागेल. सांगलीच्या पेठेत जिचा भाव बोलला जायचा ती हळद म्हणजे राजापुरी, नावानं कोकणातली, हेही मला तेव्हा कधी खटकलं नाही. आता खटकतं, कारण कोकणातून माझ्या दारी काय काय येतं आणि मी त्याला काय समजते याचा विचार करायची सवय लागली आहे.

पेव उघडायचं म्हणजे एक सोहळा असायचा. वरची माती कुदळीनं फोडायची, फरशी सरकवायची आणि लांब उभं राहायचं. लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा वाईट असते, माणूस जागच्या जागी बसतो. बराच वेळ तोंड उघडं ठेवून मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. मी आजोबांच्या धोतराचा सोगा धरून बघायचे. काळ्या भोकात ती पिवळी ज्योत लहान लहान होत जायची आणि सगळे हमाल गप्प. कंदील तेवत राहिला की एक जण दोर धरून उतरायचा. थोड्या वेळानं आतून त्याची हाक यायची, ती हाक माणसाची वाटायची नाही, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी. आणि मग वास. ओल्या मातीचा, उकडलेल्या हळदीचा, आणि वर्षभर कोंडलेल्या अंधाराचाही असावा. तो उतरलेला माणूस वर आला की त्याच्या पापण्या पिवळ्या झालेल्या असायच्या. आजोबा मला मागे ओढत म्हणायचे, "वाकू नकोस गं, पेवाला तळ दिसत नाही." २००५च्या पुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि त्यातली कितीतरी पेवं गेली. तोवर आजोबाही नव्हते. आता "पेव फुटलं" हे आपण म्हणतो ते क्लासेसचं, वेबसिरीजचं नाहीतर योगशिबिरांचं. बोलणाऱ्यानं पेव पाहिलेलंच असतं असं नाही. मी पाहिलंय याचा मला गर्व आहे, हे कबूल करते. त्या गर्वानंच घात केला.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मावशी गावी गेल्या. महाडच्या पलीकडे, पोलादपूरच्या बाजूला कुठेतरी त्यांचं गाव. सुनेचे दिवस भरत आले होते. "गणपती करून येते," म्हणाल्या आणि आल्या नाहीत. महिनाभरानं त्यांच्या भाचीनं निरोप आणला की आता गुडघे चालत नाहीत, दुसरी बाई बघा. जायच्या दिवशी त्यांनी मागच्या दाराला नेहमीप्रमाणे कडी लावली, पिवळी साडी होती, हातात मी दिलेली लाडवांची पिशवी. झाडाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघायचं काय होतं त्यात? आपल्या ओळखीचं माणूस परगावी दिसलं तर आपण "अरे तू इथं?" म्हणतो, ते एकदाच.

दरम्यान मी माझ्या एका वर्गमैत्रिणीला फोन केला. तिनं सबंध आयुष्य कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलंय आणि निवृत्त झाल्यापासून कुणी काही विचारलं की तिला फार आनंद होतो. मी फोटो पाठवते म्हटलं तर म्हणाली, "फोटो नको. झाडापाशी जा, फोन कानाला लाव आणि मी विचारते त्याची उत्तरं दे." पाऊस भुरभुरत होता. मी छत्री मानेत अडकवून उभी राहिले. "एक पान चुरगळ. वास कसला येतोय?" मी चुरगळलं. हिरवा, पालेभाजीसारखा, म्हणजे जवळजवळ नाहीच. "आल्यासारखा? हळदीसारखा?" अजिबात नाही. "छान," ती म्हणाली. "म्हणजे सोनटक्का गेला, वेलदोडा गेला, हळद-आलं सगळं गेलं. त्यांची पानं चोळली की बोटांना वास राहतो. आता पानाची खालची बाजू गालाला लाव." मी आजूबाजूला बघितलं, काकू गॅलरीत नव्हत्या. पान गालाला लावलं. खालून मऊ मऊ लव होती, वासराच्या कानासारखी.

"आता शेवटचं. पानं दांड्याला दोन्ही बाजूंनी समोरासमोर लागलीत, पंख्यासारखी, की फिरत गेलीत?"

मी खालच्या पानावर बोट ठेवलं. पुढचं पान त्याच्या जरा वर आणि जरा बाजूला. त्यापुढचं अजून वर, अजून बाजूला. बोट एका पानावरून दुसऱ्यावर ठेवत गेले तर मी झाडाभोवती फिरायला लागले, छत्री भिंतीला घासली, पाय अनंताच्या आळ्यात गेला, आणि वर पोचेस्तोवर दांड्याभोवती माझी एक फेरी पुरी होऊन दुसरी सुरू झाली होती. अगदी जुन्या वाड्यातला गोल जिना. प्रत्येक पान म्हणजे एक पायरी. म्हणून तर तो दांडा मला पिळवटलेला वाटत होता. तो स्वतःभोवती वळत वर जात होता. दीड महिना मी रोज त्याला बघत होते, फोटो काढत होते, आणि ही एवढी गोष्ट माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती. बोटाला दिसली. मैत्रिणीला सांगितलं तर ती फोनवर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मला माहितीय काय आहे ते. पण तुला नाही सांगणार. फुलू दे." मास्तरकीची खोड जात नाही माणसाची.

गणपतीला आठ दिवस होते. एका दांड्याच्या टोकाला हिरवट गाठ दिसायला लागली होती, ती बघता बघता मुठीएवढी झाली आणि लाल होत गेली. खवल्यांवर खवले, मक्याच्या कणसासारखं घट्ट. कणीस. मावशींचा शब्द. ज्या क्षणी मी मनात "कणीस" म्हटलं त्या क्षणी मला ती आषाढातली सकाळ आठवली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लाल खवल्यांवर मुंग्यांची वर्दळ होती, कारण त्या खवल्यांनाच गोड रस सुटतो. मी मुंग्यांची पावडर आणून ठेवली होती, नशीब वापरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार उघडलं तर त्या लाल कणसातून एक पांढरं फूल बाहेर आलं होतं.

एकच. पण काय फूल! पांढऱ्या क्रेपच्या कापडाचा कुणी द्रोण वळावा आणि कडा चुरगळून तशाच सोडाव्यात, आत गळ्याशी हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा डाग. पातळ इतकं की उजेड आरपार. मी हात लावायच्या आधी एक मोठा काळा भुंगा आला, पंख निळे चमकणारे, आणि डोक्यासकट त्या द्रोणात घुसला. सगळं फूल थरथरलं. पाठीला पांढरी पूड लावून घेऊन तो मागे सरकत बाहेर निघाला तेव्हा मला उगीचच पेवातून वर येणाऱ्या त्या हमालाच्या पापण्या आठवल्या. संध्याकाळपर्यंत ते फूल ओल्या टिपकागदासारखं लोंबायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कणसाच्या दुसऱ्या खवल्यातून नवं आलं. असं पंधरा-वीस दिवस, पुष्कळदा दिवसाला एकच. आमच्याकडच्या गणपतीला ते वाहावं की नाही यावर नवरा आणि मी थोडं भांडलो. शेवटी वाहिलं नाही. त्या एकाच फुलाला भुंग्याच्या आधी तोडायचं माझ्याच्यानं झालं नाही.

मैत्रिणीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "कॉस्टस. आता नीट ऐक. ती पांढरी झालर दिसते ना, ती पाकळी नव्हे. खऱ्या पाकळ्या मागे आहेत, लहानशा. ती झालर म्हणजे पाच वांझ पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली आहे, आणि कामाचा पुंकेसर फक्त एक." तिच्या आवाजात असं सुख होतं जसं ते पाच पुंकेसर तिनंच शिवून दिलेत. पूर्वी हे आल्याच्या कुळात होतं, आता त्याचं निराळं कूळ धरतात. वरच्या काकूंचं इन्सुलिनचं झाड म्हणजे ह्याचं भावंड, पण ते ब्राझीलकडचं, बुटकं, नारिंगी फुलाचं. ह्याच्या कंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं, ज्यापासून संप्रेरकांची औषधं, अगदी गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा बनवता येतात. बहुवर्षायू आहे, थंडीत वरचं सगळं वाळतं, कंद खाली जिवंत राहतो. हे सगळं झाल्यावर मी हळूच विचारलं, "आणि मराठीत?"

"पेव. कोकणात पेवा म्हणतात. का गं?"

मी काही बोलले नाही. मला खरं तर तेव्हाच रडू यायला हवं होतं, पण आलं हसूच, आणि या वेळचं हसू ऐकायला समोर कुणी नव्हतं.

नंतर बरेच दिवस मी त्या झाडाच्या नावांच्या मागे लागले होते. अपराधी वाटलं की मी वाचत बसते, ही माझी जुनी पळवाट. १७८३ साली कोनिग नावाच्या माणसानं, जो झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅनिश लोकांच्या वसाहतीत डॉक्टर म्हणून आलेला होता, ह्या झाडाला शास्त्रीय नाव दिलं ते बँक्सिया. पण ते नाव आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या भलत्याच झाडांना देऊन झालं होतं. १७९१मध्ये स्मिथ नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला कॉस्टसच्या गटात नेलं. हा "कॉस्टस" म्हणजे आपल्या "कुष्ठ"चा परदेश फिरून आलेला अवतार, आणि कुष्ठ ही काश्मीरच्या उंचीवरची सुगंधी मुळी, तिचा नि ह्या कोकणातल्या ओढ्याकाठच्या झाडाचा काडीचा संबंध नाही. २००६ साली त्याचं चेइलोकॉस्टस झालं. आता हेलेनिया म्हणतात. चार नावं बदलली आणि त्यातली दोन दुसऱ्याचीच होती. मी एकदाच चुकले, असं स्वतःला समजावून पाहिलं. समजावणी पुरली नाही, कारण त्या शास्त्रज्ञांनी नुसतं नाव चुकवलं होतं. सांगणाऱ्याला ते हसले नव्हते.

त्याहून आधीची एक नोंद मला फार आवडली. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं मलबारातल्या झाडांवर बारा खंड काढले, हॉर्टस मलबारिकस, १६७८ ते १६९३, छापले ॲमस्टरडॅमला. त्याच्या अकराव्या खंडात हे झाड मल्याळी नावानं आहे. पण माझं लक्ष अडकलं ते पहिल्या खंडात. तिथं रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी कोंकणी भाषेत, देवनागरी अक्षरांत, आपण ह्या कामात मदत केल्याचं लिहून दिलंय आणि ते जसंच्या तसं छापलंय. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचंही आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्या कुठल्या डच साहेबाला एवढं कळत होतं की झाडाचं नाव ज्यानं सांगितलं त्याचंही नाव लिहून ठेवावं. माझ्या फोनमध्ये मावशींचा नंबर "मावशी भांडी" असा आहे.

तो नंबर मी गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लावला. तीनदा लागला नाही, डोंगरात रेंज नसते. चौथ्यांदा त्यांच्या नातवाच्या रडण्यासकट मावशी आल्या. मी पाठ केल्यासारखं बोलून टाकलं, "मावशी, ते झाड फुललं. लाल कणीस आलं, त्यावर पांढरं फूल. तुम्ही म्हणालात तसंच. पेवाच निघाला तो." पलीकडे जरा वेळ नुसता नातू. मग त्या म्हणाल्या, "कंचं झाड?" मी सांगितलं, भिंतीपाशी, अनंताजवळ, आषाढात, तुम्ही भांडी घासत होतात, मी हसले होते. "आसंल," मावशी म्हणाल्या. "हितं लई हाय पेवा. म्हशीबी त्वांड लावत न्हाईत. तुमच्या पाठीचं कसं हाय? शेक घेता ना?" मी म्हटलं घेते. "आन् बदलीची बाई दुधाचं पातेलं खरवडती का नीट?" त्याही विषयावर आम्ही थोडं बोललो. माफी मागायचं राहिलं ते राहिलंच. जिला लागलंच नाही तिची माफी कशी मागतात? की लागलं होतं, आणि अशी लागलेली इतकी असतात की ही एक कुठं लक्षात ठेवायची? मला अजून ठरवता आलेलं नाही.

कार्तिकात कणसं करड्या रंगावर आली. एकेक खवला उकलून आतली लाल बोंडं फुटली आणि त्यांतून काळ्या बिया दिसायला लागल्या, पांढऱ्या मऊ गरात बसवलेल्या. बुलबुलांनी दोन दिवसांत फडशा पाडला. मार्गशीर्षात पानं पिवळी पडून त्या गोल जिन्याच्या पायऱ्या खालून वर निखळत गेल्या, पौषात दांडे बांबूच्या जुन्या काठ्यांसारखे वाजायला लागले, आणि संक्रांतीनंतर मी ते विळ्यानं कापून टाकले. कापताना एका ठिकाणी माती जरा उकरून पाहिली. खाली कंद होता, माझ्या मनगटापेक्षा जाड, गाठीगाठीचा, गार. बाजूला पांढरट डोळे. टाइलच्या तुकड्यांमधून वाट काढत तो अनंताच्या खालून भिंतीपर्यंत पोचला होता. मी घाईघाईनं माती परत लोटली. का कोण जाणे, आजोबांचा हात खांद्यावर आल्यासारखं वाटलं.

आता वैशाख आहे आणि ती जागा दिसायला अगदी रिकामी आहे. परवा माळीदादा आले. महिन्यातून एकदा येतात, मूळचे सोलापूरकडचे, हात चांगला आहे आणि रिकामी जागा त्यांना बघवत नाही. मी आत होते तोवर त्यांनी भिंतीपाशी फावडं टेकवलंसुद्धा होतं. "मॅडम, हितं मोगरा लावू या का? वाया चाललीया जागा." मी चपला न घालताच धावले. "नको, नको. तिथं आहे." "काय हाय?" त्यांनी खाली बघितलं. सुकलेली माती, दोन वाळकी पानं, मांजरानं उकरलेला खड्डा. "पेव आहे," मी म्हणाले.

माळीदादा फावड्यावर रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरत गेलं. "पेव? पुण्यात? ज्वारी पुरलीया का काय मॅडम?"

"झाड असतं पेवाचं," मी म्हटलं. "आषाढात या, दाखवते. गणपतीच्या आधी फुलतं. लाल कणीस येतं, त्यावर पांढरं फूल."

त्यांनी फावडं उचलून खांद्यावर टाकलं.

"बरं बरं," म्हणाले.